ताम्रगिरीचा ‘विजय’ : तीन वृत्तांतांचे परीक्षण

खनिज-पूर्वेक्षणाच्या वाङ्मयात ‘शोध’ हा शब्द जितक्या सैलपणे योजिला जातो तितका दुसरा एखादा शब्द क्वचितच योजिला जात असेल. खडक प्रथम कोणी पाहिला, त्यात धातू आहे हे प्रथम कोणी ओळखले, ते प्रथम कोणी छापले आणि त्यापासून नफा होईल हे प्रथम कोणी ठरविले, या चार वस्तुतः भिन्न गोष्टी आहेत. पश्चिम न्यू गिनीतील एर्ट्सबर्ग या ताम्रधातुकाच्या डोंगराविषयी हा भेद तपासून पाहण्याची चांगली सोय आहे, कारण त्याच्याशी संबद्ध असे तीन स्वतंत्र ग्रंथित वृत्तांत उपलब्ध आहेत. पहिला आंतोन कोलाइन यांचा १९३७ मधील डच प्रवासग्रंथ. दुसरा झां झाक डोझी व त्यांचे चार सहकारी यांनी लायडनच्या भूवैज्ञानिक पत्रिकेच्या अकराव्या खंडात १९३९ साली प्रसिद्ध केलेला अहवाल. आणि तिसरे फोर्ब्ज विल्सन यांचे १९८१ मधील आत्मकथनपर इंग्रजी पुस्तक. यांपैकी तिसरे सर्वांत अधिक वाचले गेले व दुसरे सर्वांत कमी. हा क्रम उलट असावयास हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. न्यू गिनीच्या मध्यवर्ती पर्वतरांगेत, विषुववृत्तापासून अवघ्या चार अंशांवर, बर्फाच्छादित शिखरे आहेत असे यान कार्स्टेन्स या डच दर्यावर्द्याने १६२३ साली समुद्रावरून पाहून लिहिले, तेव्हा युरोपात त्याची थट्टा झाली. पुढे त्याचेच नाव त्या शिखरांस देण्यात आले. त्यांतील सर्वोच्च शिखर ४,८८४ मीटर उंच आहे. दक्षिणेचा किनारा म्हणजे दलदल. तेथून सुमारे शंभर किलोमीटरांच्या आत भूमी एकदम हिमरेषेपर्यंत चढते. अशा प्रदेशात दृश्यांश डोळ्यांस दिसणे आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे यांत दशकांचे अंतर पडले तर नवल नाही.

१९३६ ची मोहीम ही अधिकृत पूर्वेक्षण-मोहीम नव्हती. कोलाइन हे एका डच तेल कंपनीचे स्थानिक प्रमुख, डोझी त्याच कंपनीचे भूवैज्ञानिक आणि फ्रिट्स विस्सेल वैमानिक. तिघांना शिखर चढावयाचे होते. विस्सेल यांनी विमानातून प्रदेशाची पाहणी केली, वाटेत शिधा खाली टाकण्याची व्यवस्था झाली, आणि डिसेंबरात ते न्गा पुलूच्या माथ्यावर पोहोचले. या साहसाची हकीकत कोलाइन यांनी दुसऱ्याच वर्षी लिहिली. तिच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ करावयाचा तर ‘उष्णकटिबंधीय नेदरलँड्सच्या शाश्वत हिमाकडे’ असा होईल. या शीर्षकातील दोन शब्द काळाने खोटे ठरविले. तो प्रदेश १९६२ च्या न्यूयॉर्क करारानंतर नेदरलँड्सचा राहिला नाही, आणि हिमही शाश्वत ठरले नाही. बाकी हा ग्रंथ गिर्यारोहणाच्या वाङ्मयातला आहे व त्या दृष्टीने तो वाचनीय आहे. भूविज्ञानाने त्याच्याकडून अधिक मागू नये.

१९३९ चा अहवाल मात्र निराळ्या कोटीतला आहे. त्याचे शीर्षक ‘कार्स्टेन्स मोहिमेची भूवैज्ञानिक फलिते’ इतकेच, आणि त्यात कसलाही दावा नाही. सुट्टीत डोंगर चढण्यासाठी गेलेल्या माणसाने परतताना पोतडीत जे खडक आणले, त्यांवर पाच जणांनी मिळून काम केले. स्तरक्रम, जीवाश्म, अग्निजन्य खडक आणि धातुक यांचा पृथक् विचार झाला. डोझी यांस दरीच्या शिरोभागी गवताळ भूमीतून वर आलेला एक काळा सुळका दिसला होता. ताम्राच्या हिरव्या-निळ्या डागांवरून तो धातुकमय आहे हे त्यांनी जागीच ओळखले, आणि त्यास एर्ट्सबर्ग, म्हणजे ‘धातुकाचा डोंगर’, असे साधे नाव दिले.

या डोंगराचा काळेपणा आणि त्याचे उभे राहणे, या दोन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण खडकांतच आहे. ऑस्ट्रेलियाच्या भूपट्टाची उत्तर कड उत्तरेकडील द्वीपचापांस भिडल्यामुळे येथील सागरी चुनखडकांचे थर घड्या पडून वर उचलले गेले. या चुनखडकांत सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी डायोराइटी शिलारस घुसला. भूवैज्ञानिक मापाने हा काल अगदी अलीकडचा आहे. संपर्कस्थानी तप्त द्रवांनी चुनखडकाचे रूपांतर करून गार्नेट व पायरॉक्सीन यांनी युक्त असा स्कार्न निर्माण केला आणि त्यात मॅग्नेटाइट, चाल्कोपायराइट व बोर्नाइट यांची भर पडली. काळा रंग मॅग्नेटाइटचा. पुढे हिमनद्यांनी भोवतालचा दुबळा खडक खरवडून नेला व कठीण धातुकाचा पिंड उघडा राहिला. हिमनद्यांनी पृष्ठभाग नुकताच घासून काढलेला असल्यामुळे गंधकयुक्त ताम्रखनिजे उघड्या पृष्ठापासून फार खाली नाहीत. एरवी उष्णकटिबंधात पावसाने ती कित्येक मीटर खोलपर्यंत विघटित झालेली आढळतात. अर्थात्, भूपट्टांची भाषा १९३९ साली उपलब्ध नव्हती आणि खडकांची निरपेक्ष वयेही नंतरच्या काळात मोजली गेली. परंतु चुनखडक तरुण आहे व त्यास छेदणारा अग्निजन्य खडक त्याहूनही तरुण असला पाहिजे, ही तर्काची साखळी जीवाश्मांच्या आधारे तेव्हाही बांधता येत होती.

या अहवालाविषयी एक दंतकथा रूढ झाली आहे. तो लायडनच्या ग्रंथालयात वीस वर्षे धूळ खात पडला होता, आणि १९५९ मध्ये एका डच कंपनीचे संचालक यान व्हान ग्रुइसेन यांनी तो विल्सन यांच्या निदर्शनास आणला तेव्हा त्याचा ‘पुनर्जन्म’ झाला, असे सांगतात. ही कथा आकर्षक आहे, पण तिच्यात विद्यापीठीय प्रकाशनांविषयी एक अढी लपलेली आहे. जे छापले, बांधले, ग्रंथालयांच्या देवघेवीतून देशोदेशी गेले, ते हरवले कसे? १९४० मध्ये नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेले, १९४२ मध्ये डच ईस्ट इंडीज जपानच्या. कोलाइन १९४५ साली जपानी बंदिवासात निधन पावले. युद्धोत्तर काळात त्या दुर्गम डोंगरातून तांबे किनाऱ्यावर आणण्याचे साधन कोणापाशी नव्हते. म्हणजे अहवाल विसरला गेला नव्हता. त्याचा उपयोग करणे परवडत नव्हते. धूळ असलीच तर ती कंपन्यांच्या टेबलांवर होती. ज्या पत्रिकांचे वाचक दोन-तीनशेही नसतात, त्यांच्या संपादकांनी हे प्रकरण ध्यानी ठेवावे, इतके मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता विल्सन यांच्या पुस्तकाकडे वळू. ते फ्रीपोर्ट सल्फर या अमेरिकन कंपनीचे पूर्वेक्षण-अधिकारी होते. क्यूबातील निकेल-उद्योग क्रांतीनंतर हातचा जात असतानाच ही नवी दिशा कंपनीपुढे आली. १९६० साली विल्सन स्वतः, वयाची पन्नाशी गाठलेली असताना, होडीतून व पायी, स्थानिक वाटाड्यांच्या व हमालांच्या साहाय्याने एर्ट्सबर्गला पोहोचले. पुस्तकाचा हा भाग उत्तम आहे. चिखल, पाऊस, दोरीचे पूल आणि थकवा यांचे वर्णन त्यात आहे. आणि त्याबरोबरच धातुकाचा ढलपा उडवून आतील पितळी चकाकी पाहताना खनिकास होणारा हर्ष आहे, जो या व्यवसायात कधी हातोडा धरलेल्या कोणासही ओळखता येईल. डोझी यांचे ऋण ते लपवीत नाहीत, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. पुढे १९६७–६८ मधील छिद्रणाने सुमारे ३ कोटी ३० लाख टन धातुक, सरासरी अडीच टक्के तांब्याचे, सिद्ध झाले. त्यानंतरचा रस्ता, कड्यावरून धातुक खाली उतरविणारे रज्जुमार्ग, दळलेल्या धातुकाचा रबडा किनाऱ्यापर्यंत नेणारी नळवाट आणि १९७२ अखेरची पहिली निर्यात, ही सर्व हकीकत अभियांत्रिकीच्या इतिहासात स्थान मिळण्यायोग्य आहे.

दोष आहे तो चौकटीत, आणि ती चौकट शीर्षकातच उघड होते. ‘ताम्रपर्वतावरील विजय’ हे शीर्षक विल्सन यांनी डोंगरास उद्देशून योजिले असणार. पण डोंगर कोणाचा होता हा प्रश्न त्या शब्दाबरोबर आपोआप उभा राहतो. या उंच दऱ्यांत आमुंगमे लोकांची वस्ती फार पूर्वीपासून आहे व ही शिखरे त्यांच्या श्रद्धेत पवित्र मानली जातात. कार्स्टेन्सच्या शिखरास ते नेमांगकावी म्हणतात. इंडोनेशियाच्या शासनाशी कंपनीचा करार झाला तो एप्रिल १९६७ मध्ये. त्या प्रदेशाच्या भवितव्याविषयी लोकांचा कौल म्हणून जी प्रक्रिया झाली ती १९६९ मध्ये, आणि तीत निवडून घेतलेले सुमारे एक हजार प्रतिनिधीच होते. म्हणजे खाण आधी ठरली व भूमीचा प्रश्न मागाहून. आमुंगमे लोकांशी काही करार झाला तो १९७४ च्या जानेवारीत, उत्पादन सुरू झाल्यावर. १९७७ मध्ये नळवाट तोडण्यात आली आणि लष्करी कारवाईची झळ खेड्यांना बसली. हे सर्व पुस्तक छापले जाण्यापूर्वी घडून गेलेले आहे. आत्मकथनाने राज्यशास्त्राचा ग्रंथ व्हावे अशी अपेक्षा नाही. तथापि ‘विजय’ हा शब्द १९८१ साली शीर्षस्थानी ठेवणाऱ्याने, पराजित कोण, याचा विचार करावयास हवा होता. १९३९ च्या अहवालातही तेथील रहिवाशांना स्थान नाही, हे खरे. पण तेथे ते मौन आहे. येथे घोषणा आहे.

खाणकामगारांसाठी वसविलेल्या गावाचे नाव तेंबागापुरा. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या हस्ते खाणीचे उद्घाटन झाले त्या वेळचे हे नाव आहे. मलाय भाषेतील ‘तेंबागा’ संस्कृत ‘ताम्र’ शब्दाच्याच कुळातला, आपल्या ‘तांब्या’चा दूरचा भाऊ. मराठी वाचकाला हे नाव न सांगता कळते, आणि ज्यांच्या दरीत ते गाव उभे राहिले त्यांच्या भाषेत मात्र ते परके होते.

आता या प्रकरणातील सर्वांत बोधक भागाकडे येतो. एर्ट्सबर्गपासून अवघ्या तीनेक किलोमीटरांवर, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, एक गवताळ टेकडी होती. भोवतालचे चुनखडक उघडे-बोडके असताना तिच्यावर गवत होते, म्हणून डोझी यांनी तिला ग्रासबर्ग, ‘गवताचा डोंगर’, असे नाव दिले. असे नाव आपल्याकडील गुराख्यालाही सुचेल. परंतु गुराख्याने दिलेल्या नावातही एक निरीक्षण असते. एकाच उंचीवर, एकाच पावसात, एका टेकडीवर गवत का व शेजारी का नाही? उत्तर एकच असू शकते : खालचा खडक निराळा आहे. तो निराळा होताच. तो चुनखडकात घुसलेला व रासायनिक क्रियेने कुजल्यासारखा झालेला पॉर्फिरी होता. त्याच्या वरच्या थरातील तांबे पाण्याने धुऊन गेलेले असल्यामुळे पृष्ठावर हिरवा डाग असा दिसत नव्हता. १९८८ साली खोल छिद्रणाने तेथे तांबे व सोने यांचा जो साठा उघड झाला तो जगातील सर्वांत मोठ्या साठ्यांत गणला जातो. एर्ट्सबर्गची खाण त्याच सुमारास संपत आली होती.

मग दोष कोणाचा? डोझी यांचा म्हणणे अन्यायाचे होईल. मोजक्या दिवसांत, उपाशीपोटी, त्यांनी फरक पाहिला व नावात नोंदविला. १९६० मध्ये विल्सन यांचे सर्व लक्ष काळ्या सुळक्यावर असणे स्वाभाविक होते, आणि पॉर्फिरी-साठ्यांभोवतालच्या परिवर्तनपट्ट्यांचे सुप्रसिद्ध प्रतिमान १९७० मध्ये पुढे आले, हेही विसरता येत नाही. तथापि पॉर्फिरी ताम्रसाठे हे काही अज्ञात नव्हते. यूटामधील बिंगहॅम येथे ते विसाव्या शतकाच्या आरंभापासून खणले जात होते. १९७२ पासून खाण चालविणाऱ्यांच्या नजरेसमोर ती टेकडी दीड दशक होती. तिचे नाव रोज उच्चारले जात असताना त्या नावाचा अर्थ कोणी विचारला नाही, असेच म्हणावे लागते. विजयाच्या कथेत याला जागा नसते, कारण विजयाच्या कथेत दृष्टी पूर्वीच ठरलेल्या लक्ष्यावर खिळलेली असते.

१९३९ च्या अहवालाचा व त्या मोहिमेच्या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग झाला, जो कोणाच्याही मनात नव्हता. त्यांत हिमनद्यांच्या तत्कालीन मर्यादा नोंदल्या गेल्या. १९७२–७३ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी तेथील हिमाचा अभ्यास केला तेव्हा तुलनेसाठी हीच नोंद हाताशी होती. त्यानंतर मेरेन हिमनदी पूर्णतः नष्ट झाली आणि उरलेले हिम झपाट्याने ओसरत आहे. आज त्या हिमाचा इतिहास लिहिणाऱ्यास १९३६ ची मोहीम टाळून पुढे जाता येत नाही.

अलीकडील परिस्थितीविषयी इतकेच : ग्रासबर्गची उघडी खाण २०१९ मध्ये थांबून काम भूमिगत झाले, २०१८ च्या अखेरीस इंडोनेशियाच्या सरकारी कंपनीकडे निम्म्याहून अधिक भाग आला, आणि दीर्घकाळ दररोज लाखांवर टन खडकाचा चुरा आयक्वा नदीच्या वाटेने सखल प्रदेशात सोडला गेल्याने किनाऱ्याजवळच्या कामोरो लोकांची नदी बदलून गेली. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विल्सन यांचे पुस्तक वाचावयास द्यावे, त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्याआधी १९३९ चा अहवाल त्यांच्या हाती द्यावा, त्यातील नकाशा उघडून ठेवावा, आणि एर्ट्सबर्गवर बोट ठेवण्यापूर्वी शेजारच्या टेकडीचे नाव मोठ्याने वाचावयास सांगावे.