कुणाची कोण? : ‘परिपूर्ती’ पुन्हा वाचताना

मुळशी तालुक्यातली माणसे दोनदा घर सोडून गेली. पहिल्या वेळी त्यांना काढले. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशी टाटांचे धरण व्हायचे होते, पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली जायची होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, १९२४ पर्यंत कसाबसा चालला, आणि धरण झाले. मुंबईला वीज मिळाली. दुसरे जाणे आपखुशीचे आहे व ते अजून चालू आहे. याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांतून मुलगा सहा महिन्यांसाठी म्हणून अमेरिकेला जातो. पाहता पाहता त्याची मुले तिकडच्या शाळेत जाऊ लागतात. मग दिवाळीत घरचा आकाशकंदील त्यांना फोनच्या पडद्यावर दाखवायचा, आणि नातवाला विचारायचे, “सांग बरं, आपलं गाव कुठलं?” पोर बापाच्या तोंडाकडे पाहते.

ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो त्या घरात इरावती कर्वे यांचे ‘परिपूर्ती’ हे पुस्तक असावे असे मला वाटते. १९४९ साली निघालेल्या या पुस्तकातला त्याच नावाचा लेख शाळा-कॉलेजांतून अनेकांनी वाचलेला आहे. लेखिकेची एका सभेत ओळख करून दिली जाते : अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, प्राचार्य कर्व्यांची पत्नी. एकही गोष्ट खोटी नाही, तरी तिला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. परतताना रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी दुसऱ्याला सांगते की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्या उणिवेची भर पडते.

हा लेख मातृत्वाचे स्तोत्र म्हणून वाचण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि त्यामुळेच अलीकडच्या काही वाचकांना तो रुचत नाही. एवढ्या विदुषीने शेवटी ‘कुणाची तरी आई’ यातच समाधान मानावे काय, असे त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लेखातली दिशा पाहावी. सभेतली सगळी नावे मागून आलेली आहेत, वाडवडिलांकडून, सासरकडून. पोराने दिलेले नाव पुढून आले आहे. ते देणाऱ्याला महर्षी कोण हे ठाऊक नाही, बर्लिनची पदवी ठाऊक नाही. वारसा म्हटला की आपण मागे मोजत जातो : आजोबा, पणजोबा, कुळ, गाव. या बाईने तो उलटा मोजला. परदेशी गेलेल्यांना व त्यांच्या इथल्या आईबापांना ही गोष्ट कठीण वाटते, आणि तिचा उपयोगही त्यांनाच सर्वांत जास्त आहे.

मुळशीतच याचा एक दाखला आहे. सत्याग्रहाचे पुढारी पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले, इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गमावून बसले, पॅरिसला जाऊन बाँब करण्याची विद्या शिकून परत आले. मुळशीचे ते कोणीच लागत नव्हते. पण ‘सेनापती’ हे नाव त्यांना पारनेरने दिले नाही की एडिंबरोने दिले नाही, ते या सत्याग्रहातून मिळाले आणि जन्माचे चिकटले. ज्यांच्याशी रक्ताचे नाते नाही अशा लोकांनी दिलेले नाव माणसाचे खरे नाव होऊ शकते.

इरावतीबाईंच्या आयुष्यात घर एका जागी कधी थांबलेच नाही. जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. वडील करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत होते. सातव्या वर्षी मुलीला पुण्याला हुजूरपागेत पाठवले. तिथे शकुंतला परांजपे मैत्रीण झाली, आणि रँग्लर परांजप्यांच्या घराने तिला दुसरी मुलगीच करून घेतले. लग्नानंतर सासऱ्यांच्या मनाविरुद्ध, पण नवऱ्याच्या पाठबळावर ती १९२८ मध्ये बर्लिनला गेली. तिथे ऑयगन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजल्या. कवटीच्या असमतोलाचा वंशाशी संबंध असावा अशी गुरूंची अटकळ होती. मोजमापे तसे काही सांगेनात, आणि शिष्येने प्रबंधात ते तसेच लिहिले. परमुलखात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी त्याच्याच तोंडावर!

तीच नजर तिने घरावरही ठेवली. महर्षींवर लिहिताना त्यांच्या ध्येयापायी बायकामुलांना काय सोसावे लागले तेही लिहिले. इतका आदर आणि इतका स्पष्टपणा एकाच लेखात आपल्या चरित्रवाङ्मयात क्वचित सापडतो. सुनेने लिहिले म्हणूनच ते जमले असेल. मुलीला जमले असते की नाही, मला शंका आहे.

पुढे त्यांची मुलगी गौरी देशपांडे परदेशांत राहिली, आणि तिच्या नायिकाही देशोदेशी वावरल्या. आता नात उर्मिला देशपांडे अमेरिकेत राहते. तिने थियागो पिंटो बार्बोझा या अभ्यासकाबरोबर आजीचे चरित्र इंग्रजीत लिहिले, ते २०२४ साली निघाले, नाव ‘इरू’. बर्लिनचे दिवस त्यात डोळ्यांपुढे उभे राहतात. मात्र एक गोष्ट इंग्रजीत येऊ शकली नाही, तो दोष लेखकांचा नव्हे. मराठीत ‘अगं’, ‘तू’, ‘अहो’ यांतून नात्यातले अंतर आपोआप कळते. इंग्रजीत त्याचे वर्णन करावे लागते. तरीही गंमत पाहा : आज पुण्याबाहेरच्या कित्येक वाचकांना इरावतीबाईंची पहिली ओळख ‘या लेखिकेची आजी’ अशीच होत असेल. ‘परिपूर्ती’तले ते पोर अजून बोलतेच आहे.

अर्थात या हिशोबात एक अडचण आहे. मुळशीच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली त्यांच्या नातींनी कुठे इंग्रजी चरित्रे लिहिली? पुढून नाव मिळायलाही पुढच्यांनी शिकावे लागते, एकत्र राहावे लागते. इरावतीबाईंना हे कळत होते. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या लोकांचे पुढे काय झाले याची पाहणी त्यांनी थोरली मुलगी जाई निंबकर हिच्याबरोबर केली, ती १९६९ साली छापली गेली. ललित लेख वाचणाऱ्यांनी ती सहसा उघडलेली नसते, आणि ‘परिपूर्ती’वरचे समाधान तिच्यावाचून अर्धेच राहते. त्याआधी पंढरीच्या वारीवर लिहिताना त्यांनी महाराष्ट्राची व्याख्या नकाशावरून केली नाही, वारीला जाणाऱ्या माणसांवरून केली. आणि त्याच लेखात, वेगवेगळ्या जातींच्या दिंड्या एकाच वाटेने पण वेगवेगळ्या चालतात याचे शल्यही सांगितले.

राहता राहिले नाव. हल्ली तिकडे मूल झाले की आजी-आजोबांना फोन येतो, “दोन्हीकडे चालेल असं एखादं छोटंसं नाव सुचवा.” म्यिंजानच्या करमरकरांनी मुलीला तिथल्या मोठ्या नदीचे नाव दिले. ते संस्कृतातही शोभते, त्यामुळे ते परमुलखातून आले आहे असे पुण्यात कोणाच्या ध्यानीही येत नाही.