‘अंतराळवीर’ या शब्दातला एकटेपणा

‘अंतराळवीर’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. माझा आक्षेप त्यातल्या ‘वीर’ या पदाला आहे. ‘ॲस्ट्रोनॉट’ आणि ‘कॉस्मोनॉट’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ग्रीक ‘नाविक’ आहे. नाविकाला नाव लागते, सोबती लागतात. वीर एकटाही पुरतो. मग कथनही एकट्याचेच होते.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझ टी-११मधून निघाले. आपल्याला आठवते ते त्यांचे पंतप्रधानांशी झालेले संभाषण. यानात त्यांच्यासोबत मालिशेव आणि स्त्रेकालोव्ह होते. सॅल्यूत-७ स्थानकावर किझिम, सोलोव्हयोव्ह, आत्कोव्ह आधीपासून राहत होते. सहाजणांच्या कामाची भाषा रशियन. ती शर्मांना आधी शिकावी लागली. तेवढीच तयारी केलेले रवीश मल्होत्रा राखीव म्हणून जमिनीवर राहिले. आपल्या लेखनात ही माणसे तळटीपेपुरतीही क्वचितच येतात.

दुसरे उदाहरण अमेरिकेच्या स्कायलॅबचे. १९७३-७४मध्ये कार, गिब्सन आणि पोग तेथे ८४ दिवस होते. सुरुवातीलाच पोग यांना उलटी झाली. ती नियंत्रकांपासून लपवायचे तिघांनी ठरवले. बोलणे ध्वनिमुद्रित झाले होते, त्यामुळे कानउघाडणी झाली. पुढे कामाच्या घट्ट वेळापत्रकाने तिघे दमले. डिसेंबरअखेर दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या, वेळापत्रक सैल झाले आणि काम सुधारले. लोकप्रिय कथनात मात्र याचा ‘अंतराळातला संप’ झाला. बंडखोर वीराची गोष्ट खपते; ‘आम्ही दमलो आहोत’ हे सांगणारा आणि ते ऐकून घेणारा, यांची खपत नाही. खरे नाट्य तर तिथेच आहे.

आमच्या अहमदपूरकडून माळेगावच्या खंडोबाला निघणारी माणसे जथ्याने निघतात. मुक्काम कुठे, म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार, हे आधी बोलून ठरते. ‘यात्रा’ या शब्दात ही सोबत मुरलेली आहे. म्हणून गगनयान मोहिमेने स्वीकारलेला ‘गगनयात्री’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी चार गगनयात्रींची नावे जाहीर झाली. त्यांपैकी शुभांशू शुक्ला जून २०२५मध्ये पेगी व्हिटसन यांच्या नेतृत्वाखालील चौघांच्या दलातून अंतराळ स्थानकावर गेले. मराठीत तरीही ‘अंतराळवीर’च चालू आहे.

या प्रवासाला धाडस लागतेच. पण धाडसापलीकडची देवघेव टिपायची, तर लेखकाने आधी शब्द बदलावा.