स्वगत आणि कैफियत

निजामी राजवटीत वाढलेल्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘कैफियत’ हा शब्द वरचेवर येई. १९४८ साली मराठवाडा मोकळा झाला, कचेरीतली उर्दू गेली. पण हा शब्द काही गेला नाही. कैफियत म्हणजे खोटे बोलणे नव्हे. आपली बाजू आपल्या सोयीच्या क्रमाने, निवाडा करणाऱ्याकडे तोंड करून मांडणे म्हणजे कैफियत. नाटकातले स्वगत याच्या अगदी उलट. तिथे पात्राला कोणाचे मन वळवायचे नसते. ते स्वतःशी बोलते आणि आपण ते चोरून ऐकतो. महत्त्वाकांक्षी माणसाची कथा वाचताना मी हा एक फरक मनाशी धरून वाचत आलो आहे, आणि आपल्या दोन अतिशय लाडक्या कादंबऱ्यांविषयी त्यातून मला एक अडचणीचा प्रश्न पडला आहे.

आधी मॅकबेथ घेऊ. हा गृहस्थ मराठीच्या जुन्या परिचयाचा. शिवरामपंत परांजप्यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला आणि १९५४ साली शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिले. खुनाच्या आधी तो एकटा असताना काय बोलतो, हे नीट पाहावे. राजा आपला नातलग आहे, आज आपल्या घरी पाहुणा आहे, राज्यकर्ता म्हणून त्याच्यावर बोट ठेवायला जागा नाही, ही सारी फिर्यादीची बाजू तोच मांडतो. त्याच्या स्वतःच्या बाजूने एकच साक्षीदार उभा राहतो, तो म्हणजे महत्त्वाकांक्षा. आणि हा साक्षीदार पुरेसा नाही, हेही तोच कबूल करतो. इतके कळते, आणि तरी हातून खून होतो. त्याची शोकांतिका या ‘तरी’मध्ये आहे. त्याच्या पत्नीचे तर त्याहून विलक्षण. जागेपणी जिने कधी हार मानली नाही ती झोपेत बोलते, आणि ऐकणारे कोण, तर वैद्य आणि दासी. तिला कोणाला काही सांगायचेच नव्हते.

संस्कृतात शोकांतिका नाही असे म्हणण्याची आपली रीत आहे. भासाचे ‘ऊरुभंग’ वाचलेल्या माणसाने ते जरा जपून म्हणावे. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन रंगभूमीवर आहे. भोवती आंधळा बाप, आई, बायका. इतक्यात त्याचा लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसू पाहतो. मांडी कुठे उरली आहे? राज्यासाठी सारे कुळ पणाला लावणाऱ्या माणसाला त्या पोराने काय गमावले ते दाखवावे, याहून मोठा निवाडा कोणता न्यायाधीश देणार! आणि दुर्योधन तक्रार करीत नाही. सूड घ्यायला निघालेल्या अश्वत्थाम्यालाच तो आवरू पाहतो.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेत कथानकाला पहिला मान दिला आणि स्वभावाला दुसरा. विंदा करंदीकरांनी १९५७ साली त्याचे काव्यशास्त्र मराठीत आणले तेव्हापासून आमचे विद्यार्थी हे पाठ करीत आले आहेत. पण जिथे एखादा ‘मी’ सगळी गोष्ट सांगतो त्या कादंबरीत हा क्रम टिकत नाही. तिथे पहिला मान आवाजाचा. कोण बोलतो आणि कोणाला बोलायला मिळत नाही, यावर सगळे ठरते.

खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. साहित्य अकादमीचा मान तिला लगोलग मिळाला, १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पाटावर पोथी असावी तशी ती राहिली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघे आपापल्या तोंडाने बोलतात. देवयानीचे प्रकरण मला सर्वांत सरस वाटते. राणीपणाची तिची हाव आणि तिचा अपमान ही एकमेकांत इतकी गुंतली आहेत की तिचा राग करता करता आपण तिला समजू लागतो. ययातीचे तसे होत नाही. तो सारखा कबुली देतो. आता, स्वतःला आधीच दोष देऊन मोकळा होणारा माणूस दुसऱ्याला बोलायला काही शिल्लक ठेवीत नाही. कबुली ही फार हुशार कैफियत असते. आणि ज्याचे तारुण्य त्याने मागून घेतले त्या पुरूला एकही प्रकरण नाही. महाभारतात तरी तो फारसे कुठे बोलतो! होय म्हणतो, म्हातारा होतो, पुढे राज्य मिळते. गिरीश कर्नाडांनी १९६१ च्या आपल्या कन्नड नाटकात ही जागा बरोबर हेरली. पुरूच्या बायकोला, चित्रलेखेला, त्यांनी सासऱ्यापुढे उभे केले. तिचे प्रश्न ययातीला झेपले नाहीत आणि तिने विष घेतले.

नांदेडहून लातूरला नोकरीसाठी आलो तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून बाहेर आला. लातूर पॅटर्नची कीर्ती मी काय सांगावी? आसपासच्या जिल्ह्यांतली सोळा-सतरा वर्षांची पोरे येथे खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात, पहाटेपासून शिकवणीला जातात आणि डॉक्टर होतात. कित्येक खरोखर होतात. कोरडवाहू शेतातून त्या घराला बाहेर काढतात, याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्या महत्त्वाकांक्षेची गोष्ट नेहमी कोण सांगतो? बाप सांगतो. किती विकले, किती सोसले, हे खरे असते आणि ऐकताना डोळ्यांत पाणी येते. ज्याची दोन-तीन वर्षे मागितली गेली तो शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. ‘ययाति’ वर्गात शिकवताना मला त्या मान खाली घातलेल्या पोरांकडे पाहवत नसे.

‘मृत्युंजय’ १९६७ ची. तिची नऊ प्रकरणे. चार कर्णाची, उरलेली कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांची. शिवाजी सावंतांचे भाषावैभव आणि त्यांचा ध्यास यांविषयी दुमत नसावे. पण साक्षीदारांची ही यादी एकदा पुन्हा वाचा. आई, मित्र, बायको, भाऊ! कृष्ण तेवढा पलीकडच्या गोटातला, आणि तोही अखेर कर्णाचाच गौरव करतो. द्रौपदीला प्रकरण नाही. व्यासांच्या सभापर्वात ती भर सभेत कायद्याचा प्रश्न विचारते आणि तिची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा कर्णाच्या तोंडून येते. व्यासांचा कर्ण त्यामुळे लहान होत नाही. उलट हे सारे केलेला माणूस इतका दानशूर कसा, हे कोडे उरते. कादंबरीतला कर्ण अन्याय सोसून सोसून उजळत जातो. तो आवडतो, पण तो कोडे राहत नाही.

नांदेडात राहून असा विचार करणाऱ्याला नरहर कुरुंदकरांची आठवण टाळता येत नाही. पीपल्स कॉलेजातून या माणसाने साऱ्या महाराष्ट्राला वाद घालायला शिकवले. ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलेले त्यांचे दीर्घ पत्र आजही कादंबरीइतकेच वाचले जाते, १९७१ च्या ‘धार आणि काठ’मध्ये त्यांनी मराठी कादंबरीचा हिशेब मांडला. लाडक्या नायकालाही प्रश्न विचारता येतात, हे धैर्य आमच्या पिढीला त्यांच्याकडून मिळाले. १९८२ साली ते गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. वरची मते मात्र माझी; त्यांचा भार त्यांच्यावर नको.

कोणी म्हणेल, प्रथमपुरुषी कादंबरीचा हा दोषच असणार. तसे नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणुकी’तून येऊ लागली. नाव पाहिले तर तीच मोठी कैफियत! आत यमू बोलते ती मात्र वेगळेच. आईचा स्वयंपाक, भावाचे चिडवणे, नवऱ्याबरोबर अक्षरे गिरवण्याची हौस, सासरचे टोमणे, पुढे वैधव्य आणि शंकरमामंजींचा दुष्टपणा. ती सगळ्यांना बोलू देते. छळणाऱ्यांची वाक्येसुद्धा ती इतकी हुबेहूब सांगते की तिला वकील लागत नाही. तिची महत्त्वाकांक्षा तरी केवढी? वाचायला यावे, नवऱ्याशी दोन शब्द मोकळेपणी बोलावे.

या सुटीत घरात कोणी ‘मृत्युंजय’ उघडणार असेल तर जरूर उघडावी. द्यूताचा प्रसंग आला की मात्र तेवढा वेळ तिच्यात खूण घालून सभापर्वाचे मराठी भाषांतर काढावे आणि तो भाग घरातल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. फराळाचे ताट तोवर थांबेल.