खटल्याच्या उंबरठ्यावर : पोलीस गोळीबार, ग्रँड ज्युरी आणि महाराष्ट्राचा अनुभव

प्रास्ताविक

पोलिसांच्या गोळीने नागरिक मृत्युमुखी पडला की चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरते : गोळीबार समर्थनीय होता काय, आणि दोषीला शिक्षा झाली काय. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो व तो बहुधा दुर्लक्षित राहतो. खटला चालवावा की नाही हे कोणी ठरवायचे, आणि 'नाही' असे ठरल्यास त्याची कारणे कोणाला सांगायची? अमेरिकेतील ग्रँड ज्युरी हे या प्रश्नाचे एक संस्थात्मक उत्तर आहे. सामान्य नागरिकांच्या हाती हा निर्णय सोपविणारी यंत्रणा आपल्याकडेही असावी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात त्या विचाराची चिकित्सा महाराष्ट्रातील अनुभवाच्या संदर्भात केली आहे.

ग्रँड ज्युरी : स्वरूप आणि मुंबईतील पूर्वेतिहास

ज्युरी म्हटले की मराठी वाचकाला १९५९ चा नानावटी खटला आठवतो. तेथील नऊ जणांची ज्युरी निवाडा देणारी होती. ग्रँड ज्युरीचे कार्य त्याआधीचे आहे. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे काय, एवढेच ती पाहते. तिचे कामकाज गुप्त असते, तेथे न्यायाधीश अध्यक्षस्थानी नसतो, बचावपक्षाचा वकील युक्तिवाद करीत नाही आणि कोणता पुरावा पुढे ठेवायचा हे मुख्यतः सरकारी वकील ठरवितो.

ही संस्था आपल्याला सर्वस्वी परकी नाही. कंपनी सरकारच्या काळात मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात ग्रँड ज्युरी बसत असे. ख्रिस्ती नसलेल्या एतद्देशीयांना तीत स्थान नव्हते. ते १८३२ च्या कायद्याने मिळाले. नाना शंकरशेट यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी या हक्काचा पाठपुरावा केला होता. पुढे १८६५ मध्ये ही पद्धत येथे रद्द झाली आणि खुद्द इंग्लंडनेही १९३३ मध्ये ती जवळजवळ मोडीत काढली. अमेरिकेत मात्र ती टिकून राहिली.

अमेरिकेतील अनुभव

९ ऑगस्ट २०१४ रोजी मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे एका १८ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. १२ सदस्यांच्या ग्रँड ज्युरीने ६० साक्षीदार तपासले आणि २४ नोव्हेंबर रोजी आरोप न ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. हा निर्णय चुकीचाच होता असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण २०१५ मध्ये केंद्रीय न्याय विभागालाही त्या पोलिसावर खटला भरण्याजोगा पुरावा आढळला नाही. आक्षेप निर्णयावर नसून पद्धतीवर आहे. सरकारी वकिलाने कोणतीही शिफारस न करता सर्व पुरावा ज्युरीसमोर ठेवला व निर्णयाची जबाबदारी तिच्यावर सोपविली. खटल्याचे स्वरूप आले, परंतु उलटतपासणी करणारा प्रतिपक्ष तेथे नव्हता.

२०२० मधील लुईव्हिलचे प्रकरण याहून बोलके आहे. घरात शिरलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी एक तरुणी ठार झाली. ग्रँड ज्युरीने एकाच पोलिसावर आरोप ठेवला आणि तोही शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याचा. पुढे न्यायालयाने ज्युरीतील सदस्यांना बोलण्याची मुभा दिली, तेव्हा मनुष्यवधाची कलमे आपल्यापुढे ठेवलीच गेली नव्हती, असे एका सदस्याने सांगितले. निर्णय नागरिकांच्या नावाने झाला, पण त्याची चौकट सरकारी वकिलाने आखली होती. गुप्ततेमुळे हे एरवी कोणालाच कळले नसते.

महाराष्ट्रातील स्थिती

आपल्याकडे ग्रँड ज्युरी नाही. असे असूनही खटल्याच्या उंबरठ्यावरील निर्णय येथेही तितकाच झाकलेला राहतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरीही संबंधित उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावण्यास २००९ साल उजाडले. धायरीपासून फार दूर नसलेल्या मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकऱ्यांनी बऊर येथे द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतरही न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा आयोग नेमला गेला.

आयोग हे आपल्या व्यवस्थेचे ठरलेले उत्तर आहे. परंतु आयोग आरोपपत्र दाखल करू शकत नाही. त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ६ नुसार त्याच्यासमोर दिलेली जबानी, खोट्या साक्षीचा खटला वगळता, त्या साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. सत्य सांगणे सुकर व्हावे हा त्या तरतुदीचा हेतू योग्यच आहे. मात्र आयोग नेमला म्हणजे न्यायप्रक्रिया सुरू झाली, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत जवळपास १३५ व्यक्ती मारल्या गेल्या. त्यासंबंधीच्या पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदविणे, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा अन्य ठाण्याच्या पथकाने करणे, दंडाधिकारीय चौकशी आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक न देणे या त्यांतील महत्त्वाच्या सूचना होत. या निकालाचे मोल मोठे आहे. पण त्याची मांडणी चकमकीभोवती आहे. मावळ किंवा रमाबाई नगरासारखा जमावावरील गोळीबार त्याच्या केंद्रस्थानी नाही. शिवाय तपास अखेर पोलिसांकडेच राहतो.

उंबरठ्यावरील दोन त्रुटी

पहिली त्रुटी पूर्वपरवानगीची आहे. जमाव पांगविताना केलेल्या कृतीबद्दल राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पोलिसावर खटला भरता येत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १३२ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५१ म्हणून आले आहे. लोकसेवकांविषयीच्या कलम २१८ मध्ये नव्या संहितेने १२० दिवसांची मुदत घातली असून त्या अवधीत निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे मानले जाते. कलम १५१ मध्ये अशी मुदत नाही. जेथे बळी सर्वाधिक, तेथेच सरकारच्या मौनाला मर्यादा नाही.

दुसरी त्रुटी तपास बंद करण्याच्या टप्प्यावरची आहे. पोलिसांचा 'अ', 'ब' किंवा 'क' समरी अहवाल दंडाधिकाऱ्यांसमोर जातो. हा टप्पा न्यायालयीन असल्याने ग्रँड ज्युरीपेक्षा सरस आहे. १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा वेळी फिर्यादीला नोटीस देणे आवश्यक ठरविले. मृताचे नातेवाईक फिर्यादी नसतील तर त्यांना नोटीस मिळण्याचा हक्क नाही. ते स्वतःहून हजर झाले तर त्यांचे म्हणणे ऐकले जाईल. गोळीबाराच्या प्रकरणात पहिली फिर्याद बहुधा पोलिसांचीच असते आणि तीही जमावाविरुद्ध किंवा मृताविरुद्ध. अशा गुन्ह्याचा तपास बंद होताना नोटीस पोलिसांनीच पोलिसांना द्यायची, आणि ज्यांच्या घरातील माणूस गेला त्यांनी ती बातमी योगायोगाने ऐकायची, असा हा प्रकार होतो.

समारोप

ग्रँड ज्युरीची आयात हा उपाय नव्हे. तिच्यात नागरिकांचा सहभाग आहे, पण कारणे देण्याचे बंधन नाही. आपल्याकडे कारणमीमांसा करणारी न्यायालये आहेत, पण त्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचण्याआधीच तो आयोगाच्या अहवालात किंवा मंत्रालयातील नस्तीत अडकतो. दोन्हीकडे 'खटला नाही' या निर्णयाला धनी उरत नाही. कलम १५१ ला मुदत, मंजुरी नाकारताना सकारण व प्रसिद्ध केलेला आदेश, आणि समरी अहवालावर मृताच्या नातेवाइकांना नोटिशीचा हक्क, एवढ्या तीन सुधारणांना नवी संस्था उभारावी लागत नाही. पोलिसाला निर्दोषत्वाचा लाभ मिळायलाच हवा. तो उघड न्यायालयात, कारणांसह मिळाला तर त्याच्या निर्दोषत्वालाही प्रतिष्ठा येते.