एक्स्चेंजमध्ये किती येतील?

मराठीत पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर शुक्रवारी दुपारपासूनच सुरू होते. व्हिडिओ गेमची समीक्षा मात्र आमच्या गावांत बहुतेक वेळा एकच माणूस करतो: जुना कन्सोल एक्स्चेंजमध्ये घेणारा दुकानदार. तो लांबण लावत नाही. एक आकडा सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

आमच्या प्लेस्टेशन २ ची समीक्षा सांगलीतल्या अशाच एका दुकानानं केली, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून. कन्सोल, दोन कंट्रोलर, मेमरी कार्ड, वायरी, सगळं मिळून १२०० रुपये. ओरिजिनल डिस्क पाच. त्यात ‘जीटीए सॅन अँड्रियास’ला १५०, ‘मेटल गिअर सॉलिड ३’ आणि ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ला प्रत्येकी १००, ‘क्रिकेट ०७’ला ५०. ‘देसी अड्डा’ला शून्य. त्यापुढे शेरा: ‘हे कोण खेळतं?’ कॉपी डिस्क घेणार नाही. नवीन कन्सोल घेतलात तर वरून हजाराची सूट.

हा कन्सोल निम्मा माझा आणि निम्मा माझ्या आतेभावाचा. २००८ मध्ये दोघांनी साठवलेल्या पैशांत आत्यानं भर घातली आणि तो आला. मे महिन्यात तो सांगलीला असायचा, दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला. एसटीतून कपड्यांच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून त्यानं कराड आणि पेठ नाका किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. आता दादाची मुलगी सहावीत आहे आणि तिला नवीन कन्सोल हवा आहे, मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळता येईल असा. दादाचा प्रश्न सरळ आहे: ‘गेल्या पाच वर्षांत तू तो किती वेळा लावलास?’

उत्तर मला अडचणीचं आहे, म्हणून आधी दुकानदाराच्या यादीबद्दल बोलतो. ती यादी वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हा माणूस हुशार आहे आणि त्याचे आकडे उलटे आहेत.

सगळ्यात मोठा आकडा त्यानं यंत्राला लावला. पण प्लेस्टेशन २ दुर्मीळ नाही. २००० साली जपानमध्ये तो आला, २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबलं, आणि मधल्या काळात साडेपंधरा कोटींहून जास्त नग विकले गेले. चालू स्थितीतला एखादा पुण्यात शोधला तर सापडेल. दुर्मीळ आहे ते डिस्कमध्ये आणि बोटांत. बोटांत म्हणजे काय, ते पुढे येईलच.

‘सॅन अँड्रियास’पासून सुरुवात करू, कारण तो तुम्ही खेळला असाल, बहुतेक फोनवर. २००४ च्या डिस्कवरचा आणि तुमच्या फोनवरचा गेम एकच नाही. त्यातली खरी मजा मला कधीच गोळीबारात वाटली नाही, गाडीतल्या रेडिओत वाटली. रात्रीचा हायवे, मिशन अर्धवट सोडलेलं, आणि रेडिओवर कुठलं गाणं लागेल ते आपल्या हातात नाही. पुढे गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली आणि २०१४ मध्ये विकत घेतलेल्या गेममधूनही काही गाणी अपडेटबरोबर काढून टाकली गेली. २०२१ ची नवी ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती तर इतकी कच्ची निघाली की रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. डिस्कमधलं गाणं मात्र कुणाला घरात येऊन काढून नेता येत नाही. दुकानदारानं १५० रुपये लावले ते पोरं हा गेम मागतात म्हणून. त्याची किंमत आहे ती यासाठी.

इथे तुमच्यातले निम्मे म्हणतील, एवढं काय, एम्युलेटर टाक की. टाकलाय. कॉम्प्युटरवरचा ‘पीसीएसएक्स२’ वीसहून जास्त वर्षं विनामोबदला काम करणाऱ्या लोकांनी उभा केलाय, आणि त्यावर हे गेम मूळ यंत्रापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. फोनसाठी ‘ईथरएसएक्स२’ आला तेव्हा मी थक्क झालो होतो. त्याच्या निर्मात्यानं लोकांच्या शिव्या आणि धमक्यांना कंटाळून २०२३ च्या सुरुवातीला काम थांबवलं. फुकट मिळालेल्या गोष्टीवर आपण किती हक्क सांगतो ते त्यात दिसलं, पण तो वेगळा लेख.

एम्युलेटरवर सगळं येतं. ‘मेटल गिअर सॉलिड ३’चा अंगठा येत नाही.

प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरची बटणं फक्त दाबलं किंवा सोडलं एवढंच ओळखत नाहीत, किती जोरात दाबलं तेही त्यांना कळतं. बहुतेक गेमनी याचा काही उपयोग केला नाही. हिदेओ कोजिमानं केला. या गेममध्ये जंगलात मागून जाऊन पहारेकऱ्याला पकडायचं असतं. गोलाचं बटण हलकं धरून ठेवलं तर तो तुमच्या हातात जिवंत अडकलेला राहतो, तुम्ही त्याला प्रश्न विचारू शकता. तेच बटण जोरात दाबलं गेलं की गळा चिरला जातो. मेनू नाही, ‘मारू की सोडू’ असा पर्याय नाही. मारणं आणि न मारणं यांच्यामध्ये फक्त तुमच्या अंगठ्याचा जोर. दुसरा पहारेकरी अचानक वळला, तुम्ही दचकलात, की हातातला गेला. तुम्हाला मारायचं नव्हतं हे खरं, आणि तुम्हीच मारलंत हेही खरं. हिंसेबद्दल युद्धपट तासभर जे सांगतात ते इथे एका बटणात आहे. पुढे प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरमधून हा दाब काढून टाकला गेला. फोनच्या काचेवर तर तो प्रश्नच येत नाही. गेम चालतो, गोष्ट पूर्ण होते, पण तो विशिष्ट अपराध तुमच्या हातून घडत नाही. दुकानदाराच्या १०० रुपयांत हा अंगठा धरलेला नाही. आमच्या दोन कंट्रोलरपैकी एकाचंच गोलाचं बटण अजून नीट दाब ओळखतं, हेही त्याला फोटोत दिसलं नसणार.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’ची गोष्ट वेगळी, कारण तो गेला असं कुणी म्हणू शकत नाही. २००५ चा हा गेम २०११ मध्ये उजळून आला आणि २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी पुन्हा पहिल्यापासून बांधला गेला. एक मुलगा, एक घोडा, ओसाड मुलूख, सोळा महाकाय प्राणी. मेलेल्या मुलीला परत आणायचं तर हे सोळा जण मारायचे. मध्ये किरकोळ शत्रू नाहीत, लूट नाही, दुकान नाही. राक्षसाच्या अंगावर चढायचं, तो झटकत असताना आर१ चं बटण दाबून केसांना लोंबकळायचं, आणि ताकद संपत चाललेली कोपऱ्यात दिसत राहते. नवी आवृत्ती देखणी आहे, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी तीच देईन. तरी मला जुनीच जवळची वाटते. जुन्या यंत्राला हा गेम झेपत नव्हता. राक्षस हलला की चित्र जड व्हायचं, अडखळायचं. वर लोंबकळणारा मुलगा दमलाय, माझं बोट दमलंय आणि खाली यंत्रही धापा टाकतंय, असं ते एकत्र यायचं. हे काही फुमितो उएदानं योजलेलं नसणार, पण खेळणाऱ्याला मिळायचं ते हेच. नवी आवृत्ती म्हणजे अजिंक्यताऱ्यावर गाडीनं जाणं. वरून दिसणारा सातारा तोच, पण गुडघ्यांना काही कळलेलं नसतं.

‘क्रिकेट ०७’बद्दल मी निष्पक्ष राहू शकत नाही. त्यात रिची बेनॉ आणि मार्क निकोलस तीच तीच वाक्यं बोलतात, क्षेत्ररक्षक कधीकधी चेंडूकडे पाठ करून उभे राहतात, आणि परवाना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा असल्यानं आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली आहेत. त्या डिस्कमध्ये आयपीएल अजून जन्मलेली नाही. ईए कंपनीनं त्यानंतर क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. कॉम्प्युटरवर चाहत्यांनी नवे संघ, नवे कपडे घालून तो जिवंत ठेवला आहे. डिस्कवरचा मात्र २००६ मध्ये थांबलेला आहे, आणि मला तो तसाच हवा.

आता शून्यवाला.

‘देसी अड्डा’ २००९ मध्ये आला, हैदराबादच्या गेमशास्त्र या कंपनीनं केलेला. त्याच वर्षी हैदराबादमध्येच झालेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ही आला होता. घरगुती कन्सोलसाठी पूर्णपणे भारतात घडलेला पहिला गेम म्हणून त्याचं नाव घेतात. देवाला जॉयस्टिकनं हलवणं हा अपमान आहे म्हणून अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेनं त्यावर आक्षेप घेतला. त्यामुळे त्याची निदान बातमी झाली. ‘देसी अड्डा’च्या वाट्याला तेही आलं नाही. त्यात कबड्डी आहे, पतंग आहे, विटीदांडू आहे. खेळ म्हणून तो साधारण आहे, हे आधीच सांगतो. बटणांच्या कबड्डीत दम लागत नाही, आणि सांगली जिल्ह्यात कबड्डी पाहिलेल्या माणसाला दमाशिवायची कबड्डी दाखवणं म्हणजे थट्टाच. त्यातला विटीदांडू सगळ्या देशासाठी एकच. आमच्याकडे विटी कुठे पडली ते दांडूनं मोजताना वकट, लेंड, मुंड, नाल असं म्हणायचे. तेलुगूतले एक, दोन, तीन, चार मोजून बघा, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु. हैदराबादच्या कंपनीला आमच्या अंगणातला हा आकडा न सांगता कळला असता! पण तिला तो विचारायचा होता कुणाला? सगळ्या भारताला एकदम गेम विकायचा तर साताऱ्याचा विटीदांडू बाजूलाच राहणार.

मग हा शून्यच बरोबर का? नाही. हा गेम नव्या यंत्रांसाठी कधी निघाला नाही. प्लेस्टेशन ५ जुन्या प्लेस्टेशन २ ची डिस्क वाचत नाही. प्लेस्टेशन ३ च्या अगदी सुरुवातीच्या नगांना ती वाचता यायची, पुढे तीही सोय गेली. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. ही अमेरिकेची गत, जिथे मोजायला माणसं तरी आहेत. ‘कोलोसस’ची काळजी जग घेईल. ‘देसी अड्डा’ची कोण घेणार? आपल्या खेळांचा पहिला, अडखळता, फसलेला प्रयत्न कसा दिसत होता हे पुढे कुणाला बघायचं असेल तर तो कुठेतरी चालू अवस्थेत असायला हवा. फसलेल्या नाटकांच्या संहिताही आपण जपतोच.

सांगलीत जपण्याबद्दल बोलताना पाणी मध्ये येतंच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. सांगली नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं गेली, त्याची बातमी झाली, हळहळ झाली. दादाच्या घरात कन्सोल माळ्यावर होता म्हणून वाचला. डिस्क खालच्या कपाटात होत्या. वहिनीनं त्या नळाखाली धुतल्या, ओढणीनं पुसल्या, आणि चालल्या. कव्हरं, त्यातली माहितीपत्रकं सगळी लगदा झाली. त्या घरात तेव्हा गेमच्या डिस्क धुवायला कुणाला वेळ होता, हे आठवलं की दादाचा प्रश्न टोचतो. ज्यांनी जपलं त्यांनाच आता तो द्यायचा आहे, आणि नको म्हणणारा मी साताऱ्यात बसलेलो.

शिवाय जपणं फुकट नसतं. डिस्क वाचणारी लेन्स दमत आली आहे, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात गेम सुरू होतो. घड्याळाचा सेल गेलेला, त्यामुळे कन्सोलला रोज तारीख सांगावी लागते. घरातल्या नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर लागत नाही, मध्ये कन्व्हर्टर घातला की चित्र पुसट येतं आणि बटण दाबल्यावर फलंदाज क्षणभर उशिरा बॅट फिरवतो. जुना डबा टीव्ही केव्हाच भंगारात गेला. माळ्यावर टाकलेला कन्सोल जपलेला नसतो, फक्त विकायचा राहिलेला असतो. मला तो ठेवायचा असेल तर लेन्स, सेल, टीव्ही हे सगळं माझ्या खर्चानं आणि माझ्या घरात. इथे दादाशी माझा वाद नाही.

म्हणून मी दुकानदाराचाच हिशोब वापरला. १२०० अधिक ४०० अधिक हजाराची सूट, एकूण २६००. त्यातला दादाचा निम्मा हिस्सा १३०० मी त्याला पाठवले. पुतणीनं नव्या कन्सोलसाठी दुसरी ऑफर शोधली आहे, ती या दुकानापेक्षा बरी निघाली. जुना कन्सोल पुढच्या आठवड्यात साताऱ्याला येतोय, या वेळी दादाच्या गाडीतून. लेन्स साफ करून देणारा एक जण सापडला आहे, आणि जुना डबा टीव्ही कुणाकडे पडून असेल तर मी तो न्यायला येईन.

कन्सोल, दोन्ही कंट्रोलर, मेमरी कार्ड आणि चार डिस्क येतायत. ‘क्रिकेट ०७’ दादा देत नाही म्हणाला. ती चालवायला आता त्याच्याकडे काहीच नाही.