वॅट म्हणजे प्रकाश नव्हे

पाणवनस्पतींच्या टाकीसाठी ‘दर लिटरला अर्धा वॅट’ हा नियम अजूनही सांगितला जातो. सगळीकडे ट्यूबलाइट होत्या तोवर तो चालून गेला. पण वॅट म्हणजे दिव्याने घेतलेली वीज. दिलेला प्रकाश नव्हे. तेवढ्याच वॅटचा एलईडी बराच अधिक प्रकाश देतो. मग काचांवर शेवाळ धरतं आणि दोष पाण्याला दिला जातो.

ल्यूमेनही पुरेसं नाही. ते माणसाच्या डोळ्याचं माप; त्यात ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक वजन. प्रकाशसंश्लेषणाला मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळेच फोटॉन कमीअधिक उपयोगी पडतात.

शाळेतल्या २० लिटरच्या टाकीत हायड्रिला लावा, साधा पांढरा एलईडी रोज ८ तास ठेवा. शेवाळ वाढलं तर तास कमी करा. पाठ केलेल्या नियमापेक्षा मुलांची नोंदवही अधिक विश्वासाची.