बांधावरचं केकताड

धुळ्याहून साक्रीकडे जाताना एखाद्या मुरमाड बांधावर केकताड फुलोऱ्यावर आलेलं दिसलं, की मी थांबतोच. पुस्तकात त्याला घायपात म्हणतात. त्या नावातला घाय हात लागला की कळतो.

तरी जवळ जावं, बेताने. निळसर राखी पाती, कडेला आकडे, टोकाला काळा काटा. मला सर्वांत प्रिय आहे तो पात्यावरचा ठसा. कोवळी पाती मधल्या कोंबात एकमेकींना घट्ट बिलगलेली असतात, तेव्हा एकीच्या काटेरी कडेचा वळ दुसरीच्या अंगावर उमटतो. पातं उलगडून वर्षं लोटली तरी ती नक्षी पुसली जात नाही. प्रत्येक पात्यावर शेजारणीची खूण! बागेतल्या कुंडीत पिवळ्या काठाची जात शोभते खरी, पण हे झाड बांधावरच पुरतं वाचता येतं.

जळगावकराला त्याचा जीवनक्रम समजावून सांगावा लागत नाही. रावेर-यावलची केळ एकदाच निसवते, घड उतरला की तिचं संपतं, बुंध्याशी पिलं उरतात. केकताडाचंही तसंच. मात्र केळीला काळी जमीन, पाणी, खत लागतं आणि वर्ष-दीड वर्षात हिशेब पुरा होतो. केकताड मुरमात दहा-दहा, तीस-तीस वर्षं थांबतं. दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं, रात्रीच्या गारव्यात उघडतं. म्हणून खान्देशचा वैशाख त्याला सोसतो. इतक्या वर्षांची साखर गड्ड्यात साठते आणि एके दिवशी वीस-पंचवीस फुटांचा दांडा आभाळात चढतो. त्या एका फुलोऱ्यासाठी झाड स्वतःला रितं करतं. लिनियसने १७५३ साली त्याला ‘आगावे अमेरिकाना’ म्हटलं. ग्रीक मुळात ‘आगावे’ म्हणजे थोर. नाव अचूक पडलं.

मेक्सिको हे त्याचं माहेर. तिथे याच्या रसाची पुल्के आंबवतात, काही मेझ्कलही याच जातीची. टकिला होते ती निळ्या भावंडाची. दांडा फुटण्याआधी गड्डा काढायचा, भाजायचा, रस आंबवून गाळायचा: फुलाचा गोडवा फुलण्याआधीच उतरवून घ्यायचा. डेझमंड नाझरेथ यांनी २०११ साली गोव्यात जे मद्य आणलं, ते आपल्या दख्खनी केकताडाचंच.

आपल्याकडे मोल होतं ते वाखाला. पाती पाण्यात कुजवायची, बडवायची, वाख धुऊन वाळवायचा. रसाने हात खाजायचे, तरी मातंग कारागिरांनी त्याची दावी, कासरे, मोरख्या वळल्या आणि पोळ्याला बैल नव्या दोरात सजले. नायलॉन आलं, आणि हे झाड नुसतं कुंपण होऊन राहिलं.

तुमच्या बांधावर दांडा वर येऊ लागला असेल, तर यंदा तो तोडू नका. त्याला पुन्हा फुलता येणार नाही.